विश्लेषण : रस्त्याकडेचे झाड नेमके कोणाचे? पनवेलमध्ये वृक्षतोडीचे नियम काय सांगतात?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळ्यासाठी उघड्या मैदानात बसलेल्या जनसमुदायापैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे आदेश काढले. कार्यक्रमाची वेळ बदलता येते. पण पनवेल स्थानकाबाहेर रिक्षाची वाट पाहणारा प्रवासी, नवीन पनवेलमधला भाजीवाला किंवा कळंबोलीत पुलाच्या कामावरचा मजूर यांची दुपार कोणत्याही आदेशाने टळत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती फक्त रस्त्याकडेच्या झाडाची सावली. हे झाड तोडायला परवानगी कोण देते, नागरिकाला ते कधी कळते आणि त्याबद्दल काय करता येते, याचा हा आढावा.

झाड महापालिकेचे की सिडकोचे?

पनवेल नगरपरिषद १८५२ मध्ये स्थापन झाली. राज्यातल्या सर्वात जुन्या नगरपरिषदांपैकी ती एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महापालिका झाली, ती रायगड जिल्ह्यातली पहिली. जुन्या पनवेलबरोबर सिडकोने वसवलेली खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही उपनगरे आणि आसपासची २९ गावे महापालिकेत आली. सुमारे ११० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात रस्ते आणि उद्याने सिडकोकडून महापालिकेकडे टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे फांदी पडली की नागरिक सिडकोला फोन करतो, सिडको महापालिकेकडे बोट दाखवते आणि वीजवाहिनी जवळ असेल तर दोघेही महावितरणकडे.

परवानगीच्या बाबतीत मात्र कायदा इतका गोंधळलेला नाही. शहरी भागाला ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू होतो. त्यानुसार महापालिका क्षेत्रातले झाड सार्वजनिक रस्त्यावर असो, शाळेच्या आवारात असो की सोसायटीच्या कुंपणाच्या आत, ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘आमच्या जागेतले आहे, आम्हीच लावले होते’ हा युक्तिवाद चालत नाही. रस्ता रुंद करणारी सरकारी यंत्रणाही याला अपवाद नाही आणि खुद्द महापालिकाही नाही.

पनवेल तालुक्याच्या ग्रामीण भागात नियम वेगळे आहेत. तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा चालतो आणि साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह अशा ठरावीक जातींपुरती परवानगी लागते. कर्नाळा अभयारण्यात वन आणि वन्यजीव कायदे आहेत. खाडीकाठच्या कांदळवनाला मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाचे कवच आहे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. म्हणजे एकाच तालुक्यात काही किलोमीटरच्या अंतरात झाडाचा मालक, कायदा आणि साहेब, तिन्ही बदलतात.

परवानगीची प्रक्रिया कशी असते?

अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन झाड पाहायचे, चौकशी करायची आणि अहवाल द्यायचा. त्याबरोबर दोन गोष्टी बंधनकारक आहेत. एक, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर सूचना. दोन, जे झाड तोडायचे त्याच्याच खोडावर, दिसेल अशा जागी लावलेली नोटीस. हरकतींसाठी मुदत दिली जाते, बहुतेकदा सात दिवसांची. त्यानंतर प्रकरण प्राधिकरणापुढे जाते.

कागदावर ही तरतूद फार चांगली आहे. ज्याच्या डोक्यावरची सावली जाणार आहे त्याला ती जाण्याआधी कळावे, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात खोडावरचा कागद पावसात भिजतो, वाऱ्याने उडतो, कधी ‘भाड्याने खोली मिळेल’च्या जाहिरातीखाली झाकला जातो. वृत्तपत्रातली सूचना आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. त्यात बऱ्याचदा फक्त भूखंड क्रमांक आणि सेक्टर असतो. ‘सेक्टर अमुक, भूखंड तमुक’ म्हणजे आपल्या बसथांब्यावरचा पर्जन्यवृक्ष, हे वाचणाऱ्याला उमगत नाही.

तरीही सूचना वाचली गेली की चित्र पालटते. नाशिकमध्ये २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम उभारताना सुमारे १,८०० झाडांबाबत महापालिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये सूचना काढली. हरकतींचा पाऊस पडला, लोक तपोवनात जमले आणि विषय राज्यभर गेला. त्याची सुरुवात झाली होती ती त्या एका जाहीर सूचनेपासून.

परवानगी मिळाल्या मिळाल्या कुऱ्हाड चालवता येते का?

नाही. परवानगीनंतर १५ दिवस थांबावे लागते. ज्यांना हा निर्णय मान्य नाही त्यांना दाद मागायला वेळ मिळावा, यासाठी ही मुदत आहे. तिचे महत्त्व आरे वसाहतीच्या प्रकरणात दिसले. मेट्रो कारशेडसाठी परवानगीचा आदेश १३ सप्टेंबर २०१९ रोजी निघाला आणि १५ दिवस २८ सप्टेंबरला संपले, असे मेट्रो प्रशासनाचे म्हणणे होते. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. उभ्या झाडासाठी न्यायालयात जाता येते; पडलेल्या झाडासाठी गेल्यास मिळाला तर दंड मिळतो. आरेतच परवानगीपेक्षा जास्त झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरायला लावले.

प्राधिकरणात निर्णय कोण घेते?

महापालिकेत वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात. सदस्यांमध्ये नगरसेवक आणि वृक्षक्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी असावेत, अशी रचना आहे. तज्ज्ञ नसलेल्या प्राधिकरणाने झाडांचा फैसला करू नये, अशी भूमिका घेत २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या प्राधिकरणाला निर्णय घेण्यापासून रोखले होते.

पनवेलमध्ये आणखी एक अडचण होती. महापालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात रस्त्याचे काम मंजूर करणारा आणि त्या रस्त्यावरच्या झाडाचा निर्णय घेणाऱ्या प्राधिकरणाचा प्रमुख हा एकच अधिकारी. प्रश्न कोणाच्या हेतूचा नाही. पण अर्जदार आणि परवानगी देणारा एकाच इमारतीत बसत असतील, तर मधे उलट प्रश्न विचारणारा कोणीतरी लागतो. आता निवडून आलेले नगरसेवक आहेत आणि तो प्रश्न विचारणे हे त्यांचे काम आहे.

झाड धोकादायक असेल तर?

मृत, रोगट किंवा वाऱ्याने कोसळलेल्या झाडाला परवानगी नाकारायची नसते. जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तर तातडीची कारवाईही करता येते आणि ते योग्यच आहे. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ. सिडकोच्या वसाहतींत तो भरपूर लावला गेला आणि दर पावसाळ्यात आधी तोच कोसळतो.

गडबड होते ती ‘धोकादायक’ या शब्दाच्या सैल वापरात. दुकानाची पाटी झाकणारे, गाडी लावायला आड येणारे झाड एकाएकी धोकादायक ठरते. पावसाळ्याआधीच्या छाटणीच्या नावाखाली कधी शेंडाच उडवला जातो आणि उरतो तो खांब. एका बाजूच्या फांद्या साफ केल्या की झाडाचा तोल जातो. पुढच्या वादळात ते पडते आणि मग ते धोकादायक होते हे सिद्धही होते. कायद्यातली ‘झाड तोडणे’ याची व्याख्या बुंधा कापण्यापुरती नाही. जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तिच्यात येते.

न तोडता झाड मारले तर?

हा प्रकार जास्त होतो आणि कमी पकडला जातो. खोडाभोवती सालीचा पट्टा काढला की पानांनी केलेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही. झाड काही महिन्यांत वाळते. बुंध्यात आम्ल ओतले जाते. यापेक्षाही सर्रास चालणारा आणि गुन्हा न वाटणारा मार्ग म्हणजे काँक्रीट. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच असतात. पदपथाचे पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवले की पाणी मुरत नाही आणि हवाही मिळत नाही. केबल आणि गॅसवाहिनीसाठी चर खणताना एका बाजूची मुळे कापली जातात ती वेगळीच. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात दिला होता. राज्यातल्या शहरांतही वृक्षप्रेमी याच आदेशाचा दाखला देतात.

खिळे ठोकून फलक लावणे हा तर थेट गुन्हा आहे. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात ‘मालमत्ता’ या शब्दात झाडही मोडते. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. क्लासच्या जाहिरातीवर क्लासचा मोबाइल क्रमांक छापलेला असतोच, त्यामुळे आरोपी शोधायला फार कष्ट पडू नयेत.

जुन्या झाडांना वेगळे संरक्षण आहे का?

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड ‘प्राचीन वृक्ष’ मानले. अशी झाडे वृक्षगणनेत स्वतंत्र नोंदवायची असतात. गणना दर पाच वर्षांनी बंधनकारक आहे. वय साधारणपणे बुंध्याचा घेर आणि त्या जातीच्या वाढीचा वेग यांवरून काढले जाते. झाड तोडावेच लागले तर जितके वय तितकी नवी रोपे लावायची. ५२ वर्षांच्या वडासाठी ५२ रोपे. ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचे ठिकाण नकाशावर नोंदवलेले हवे आणि सात वर्षे त्यांची देखभाल व्हायला हवी. 

आधीच्या ‘एकाला एक’ हिशेबापेक्षा हे कितीतरी बरे. मात्र या हिशेबात झाडे मोजली जातात, सावली नाही. रोपे त्याच जागी लावणे शक्य नसेल तर दुसरीकडे लावता येतात, तेही न जमल्यास झाडाचे मूल्य भरता येते. जुन्या पनवेलच्या बाजारपेठेतला वड गेला आणि ५२ रोपे शहराच्या टोकाला मोकळ्या भूखंडावर लागली, तर कागद पूर्ण होतो. बाजारातल्या माणसाला मात्र त्याचा उपयोग नाही. पळस्प्यापासून पुढे मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने वड, आंबे, चिंचा गेल्या. एसटी थांब्यावरच्या कोकणवासीयाला त्यांची आठवण मे महिन्यात येते.

लागवडीचे काय?

प्रत्येक भूखंडावर किती आणि कोणत्या जातींची झाडे असावीत याचे निकष ठरवणे, रोपवाटिका चालवणे, जागामालकाला झाडे लावायचा आदेश देणे हे सगळे प्राधिकरणाच्या अखत्यारीत येते. त्यासाठी कायद्याने वृक्ष उपकराची सोय केली असून तो मालमत्ता कराबरोबर वसूल होतो. सोसायटीच्या करबिलात ही ओळ शोधून पाहावी. वीजवाहिनीखाली बहावा किंवा ताम्हण, रुंद पदपथावर करंज, कडुनिंब, बकुळ, मोकळ्या जागेत वड, पिंपळ, जांभूळ अशी निवड असली तर पुढची अर्धी छाटणी वाचते.

विनापरवानगी तोड दिसली तर नागरिकाने काय करावे?

आधी ठेकेदाराकडे परवानगीची प्रत मागावी. तिच्यात झाडांची संख्या, जात, अटी आणि तारीख असते. परवानगी दोन झाडांची आणि तोड पाचांची, किंवा परवानगी छाटणीची आणि काम बुंध्याशी, असे आढळते. प्रत नसेल तर बुंधा, करवत, वाहनाचा क्रमांक आणि आजूबाजूची ओळखीची खूण दिसेल असे फोटो काढून महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला आणि उद्यान विभागाला तातडीने कळवावे. पोलिसांतही तक्रार देता येते. लेखी तक्रारीचा आवक क्रमांक घ्यायला विसरू नये. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार करता येते.

कायद्यात प्रत्येक झाडाची तोड हा वेगळा गुन्हा आहे. दंडाची रक्कम अनेक वर्षे एक हजार ते पाच हजार रुपये होती, सोबत एक आठवडा ते एक वर्ष कैद; २०२१ मध्ये दंड वाढवण्यात आला. तोड होऊन गेली असेल तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात : परवानगीचा आदेश, वृक्ष अधिकाऱ्याचा पाहणी अहवाल आणि बदली रोपे कुठे लावली त्याची ठिकाणे. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले की ते घेऊन त्या जागी जाऊन रोपे मोजता येतात.