मोटेची धाव आणि पंपाची अश्वशक्ति

मोटेची धाव विहिरीपासून दूर उतरती कां ठेवीत, असें आम्ही पुष्कळ जाणत्या बागायतदारांस विचारलें. बहुतेकांचें उत्तर एकच : उतारानें बैलांचे कष्ट वांचतात. हें अर्धेंच खरें आहे.

मोटेंत १५० लिटर, म्हणजे १५० किलो पाणी असून तें १० मीटर वर चढवावयाचें आहे असें धरा. वजनास उंचीनें गुणिलें असतां १५०० येतात. हें झालें कार्य. बैलजोडीचें वजन ८०० किलो व धावेचा एकंदर उतार दीड मीटर धरल्यास, जोडी खालीं जातांना नुसत्या तिच्या वजनानेंच १२०० चें कार्य होतें. उरलेले ३०० व चाकाचें घर्षण एवढेंच बैलांनीं पायांच्या जोरावर भरून काढावयाचें. परंतु मोट थारोळ्यांत रिती झाल्यावर तीच जोडी मागल्या पायीं दीड मीटर चढते, तेव्हां ते १२०० फेडावेच लागतात. आमच्या दप्तरी भाषेंत सांगावयाचें तर, सारा हप्त्यांनीं भरला म्हणून आकार कमी होत नाहीं; भरणाऱ्याचा जीव मात्र राहतो.

मोटा गेल्या, विजेचे पंप आले. नियम तोच राहिला. जेम्स वॅट यानें १८ व्या शतकांत अश्वशक्तीचें माप ठरविलें, तें असें कीं, एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणें. यांतील 'एका मिनिटांत' हे शब्द लोक विसरतात. आमच्या शेजारच्या शिवारांत एका बागायतदारानें ५ अश्वशक्तीचा पंप काढून १० चा बसविला, नळ मात्र जुनाच ठेविला. विहीर लवकर तळास जाऊं लागली. झरे आपल्याच गतीनें पाझरत राहिले. रोजचें पाणी तेवढेंच, आणि विजेचें बिल अधिक! एकाच नळांतून दुप्पट वेगानें पाणी लोटलें असतां घर्षणांत वाया जाणारा जोर सुमारें चौपट होतो, तो असा अंगावर येतो.

विजेचें एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. कांहींच नासाडी न झाल्यास तेवढ्यांत १० मीटर खोलीवरून सुमारें ३६ हजार लिटर पाणी वर येईल. पंप, मोटर व नळ यांत निम्मी ऊर्जा जात असल्यास १८ हजार. आणि पाणी २० मीटरांवर उतरलें कीं ९ हजार. वाचकांनीं मीटरवरील आंकडा टिपून घरची टाकी भरावी, पुन्हां आंकडा पाहावा, आणि हा भागाकार हातीं घेऊन मगच नव्या पंपाच्या दुकानाची पायरी चढावी.