कोलेस्टेरॉलवर ‘व्हिटॅमिनची गोळी’ चालेल का?

वस्तीत रक्तदाब तपासायला गेलो की आम्हाला हमखास विचारतात, “ताई, कोलेस्टेरॉलची गोळी सोडून व्हिटॅमिनची घेतली तर? तिचा त्रास नसतो म्हणे.” ही गोळी बहुधा नायसिनची, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाची असते.

नायसिनने कोलेस्टेरॉल उतरते, हे खरे. १९५५ सालीच ते दिसून आले. पण शरीराची रोजची गरज साधारण १५ मिलिग्रॅम. ती शेंगदाणे, मासळी, चिकन यांतून भागते. कोलेस्टेरॉल उतरवायला १००० ते २००० मिलिग्रॅम लागते. एवढे घेतले की ते औषधच झाले. चेहरा लाल होतो, अंगाची आग होते, साखर वाढते, लिव्हरलाही इजा होऊ शकते.

आणि फायदा? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅटिन घेणारे २५,६७३ रुग्ण होते. निम्म्यांना नायसिन असलेली जादा गोळी दिली. कोलेस्टेरॉल उतरले, पण हार्ट अटॅक आणि लकवा कमी झाले नाहीत. उलट मधुमेह वाढला.

बी-कॉम्प्लेक्समध्ये बहुधा निकोटिनामाइड असते. त्याने तर कोलेस्टेरॉल उतरतच नाही.

म्हणून आम्ही सांगतो, डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी मनाने बंद करू नका. अंग दुखत असेल तर त्यांना सांगा. गोळी किंवा तिचे प्रमाण बदलता येते. परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात, जनऔषधी केंद्रात विचारा. आणि तंबाखू, मिश्री आजच सोडा. त्याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.