लोकरीचा पत्रा

काळी लोकर रेझिनमध्ये भिजली की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. काचेच्या धाग्यांची मॅट पांढरी असते. रेझिन मुरलं की ती पारदर्शक होते, कोरडी जागा पांढरी उठून दिसते. दख्खनी मेंढीच्या लोकरीत ती खूण नाही. म्हणून मॅटऐवजी लोकर घालून पत्रा करताना नांदेडच्या आमच्या फायबर वर्कशॉपमधले मामा हातमोज्याच्या बोटांनी साच्यावर चाचपत जातात. "इथं अजून कोरडं लागतंय. पाज थोडं." लोकर स्पंजासारखी उसळून वर येते, मॅटपेक्षा कितीतरी जास्त रेझिन पिते. हार्डनर टाकलेलं असतं, त्यामुळे रोलर फिरवायला थोडाच वेळ हाती असतो.

लोकर उदगीरकडच्या एका मेंढपाळानं दिली. वर्षातून दोनदा कातरणी होते, पण घोंगड्यांचं गिऱ्हाईक आटलंय. "न्या दादा, इथं पावसात कुजतीच हाय," म्हणून त्यानं पोतं बांधून दिलं. ते ऐकून फार वाईट वाटलं.

पहिलं पोतं मी वाया घालवलं. घायपाताचा धागा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात साफ होतो, म्हणून लोकरही गरम कॉस्टिकमध्ये घातली. सकाळी बादलीत तपकिरी, बुळबुळीत लगदा. घायपात, अंबाडी म्हणजे सेल्युलोज. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांचं प्रथिन. कॉस्टिक ते विरघळवून टाकतं.

पुढच्या वेळी कोमट पाणी, सौम्य साबण, चार वेळा धुणं. पाण्यावर मेणचट साय आली. ती मेंढीच्या अंगची चरबी; ती राहिली की रेझिन केसाला धरत नाही. न धुतलेल्या लोकरीची पट्टी मोडली तेव्हा केस सगळेच्या सगळे उपसून आले, मागे सुईएवढी भोकं राहिली. धुतलेल्या पट्टीत केस तुटले, पण सुटले नाहीत.

सनगर विणकर घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात. तिथेही तंतू एक आणि त्याला धरणारं दुसरंच. मला हा पत्रा त्याच घरातला वाटतो.

यातून पाण्याची टाकी करायची नाही. काचेचा धागा लोकरीपेक्षा दहापटीहून जास्त ताण सोसतो. पण लोकर वजनाला काचेच्या जवळपास निम्मी, आणि तुटण्याआधी पाव भाग तरी ताणली जाते. वाकवलेला पत्रा तडकला, तरी दोन्ही तुकडे लोकरीनं एकमेकांना धरून ठेवले.

पावसात ठेवलेला एक नमुना मात्र कापलेल्या कडेला फुगला. उघड्या केसांच्या टोकांतून पाणी शिरलं होतं. आता मामा कापून झालं की कडेवरून रेझिनचा एक हात फिरवतात.