मूसचं मांस, सुती पिशवी आणि वारा

मूस हा हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. अलास्कातला पूर्ण वाढलेला नर ७०० किलोपर्यंत जातो आणि एवढ्या जनावरातून खाण्याजोगं मांस निघतं ते सव्वादोनशे किलोच्या आसपास. शिकारीचा हंगाम तिथे बहुतेक भागांत सप्टेंबरात येतो. जागा रस्त्यापासून लांब, नदीने किंवा छोट्या विमानाने गाठायची. हवा बिघडली की न्यायला येणारं विमान दोन-चार दिवस सहज लांबतं, आणि तोवर सगळं मांस रानातच टिकवावं लागतं. त्यासाठी ते ज्या कापडी पिशव्यांत घालून टांगतात, त्या म्हणजे गेम बॅग.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं तिकडचंच समजावं. अमेरिकेत राहणारे आपले काही लोक मित्रांबरोबर अलास्कात जातात. त्यांनी एक नियम आधीच माहीत करून घ्यावा: अमेरिकेचं नागरिकत्व नसेल आणि कायमचं वास्तव्यही अमेरिकेत नसेल तर तिथे मोठ्या जनावराच्या शिकारीला परवानाधारक गाइड सोबत असावाच लागतो. दुसरा नियम सगळ्यांना लागू आहे. मूस मारला की चारही फरे, मान, छाती, बरगड्या आणि पाठीचं मांस उचलणं बंधनकारक आहे. ते वाया घालवणं गुन्हा ठरतो. शिंगंही मांसाच्या आधी हलवता येत नाहीत. मला हा कायदा फार योग्य वाटतो. जीव घेतला तर त्याचं अन्न झालंच पाहिजे.

आता मूळ गोष्ट. पिशवी मांस टिकवत नाही, वारा टिकवतो. माशी आणि माती बाहेर ठेवून वाऱ्याला आत येऊ देणं, एवढंच पिशवीचं काम. कोकणात बोंबील वलांडीवर घालतात तेव्हा कोरडा वारा जे काम करतो, तेच इथे मांसाच्या फक्त वरच्या थरापुरतं हवं असतं. हे लक्षात ठेवलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप उलगडते.

पहिली पायरी पिशवीच्या आधीची आहे. मेलेल्या जनावराच्या अंगात ३८ अंशांच्या आसपास ऊब असते आणि जाड कातडी ती धरून ठेवते. म्हणून कातडी लवकरात लवकर उतरवायची आणि फरे सुटे करायचे. फरा म्हणजे पायासकट जनावराचा चौथा हिस्सा. सगळ्यात दगा देतो मागचा फरा. वरून हात लावला तर गार लागतो, पण खुब्याच्या सांध्यापाशी, मांडीच्या जाड हाडाला लागून, तासन्‌तास ऊब राहते आणि मांस आतून नासायला लागतं. तिथे हाडापर्यंत एक चीर देऊन हवा आत जाऊ द्यावी. हाड काढूनच टाकलं तर प्रश्नच मिटला, असं आपल्याला वाटेल. पण अलास्काच्या काही विभागांत फरे आणि बरगड्या हाडासकटच बाहेर आणण्याची सक्ती आहे. आपल्या विभागाचा नियम निघण्याआधी वाचून घ्यावा.

सुटा केलेला गरम तुकडा लगेच पिशवीत कोंबायचा नाही. आधी स्वच्छ ताडपत्रीवर किंवा फांद्यांवर ठेवून त्याची वाफ जाऊ द्यावी. माश्या घोंगावत असतील तर मात्र पिशवी ताबडतोब चढवावी आणि मग टांगून वाऱ्यावर निववावं.

कापड कोणतं? दुकानात सगळ्यात स्वस्त मिळते ती विरविरीत, ताणली जाणारी जाळीची पिशवी. तिच्या वाटेला जाऊ नये. ताणल्यावर तिची भोकं मोठी होतात, ती मांसाला चिकटते आणि काढताना तिचे धागे मांसातच राहतात. शिवाय माशी आत न शिरताही भोकातून अंडी घालू शकते. घट्ट विणीचा सुती मांजरपाट उत्तम. तो रक्त शोषतो, हवा जाऊ देतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याचं वजन मात्र जास्त, आणि भिजला की लवकर वाळत नाही. अलीकडे हलक्या सिंथेटिक कापडाच्या पिशव्या मिळतात. त्या पटकन वाळतात आणि पाठीवरून न्यायला सोप्या पडतात. पायी लांब जायचं असेल तर सिंथेटिक घ्याव्यात, नावेने जायचं असेल तर मांजरपाट. मी तरी असंच सांगेन. प्लॅस्टिकची पिशवी कधीच नको. तिच्यात वाफ कोंडते, मांस ओलं राहतं आणि एका दिवसात बुळबुळीत होतं.

एका मूसला आठ-नऊ पिशव्या लागतात: चार फऱ्यांच्या चार, बरगड्यांच्या दोन, मानेची एक, सुट्या मांसाच्या एक-दोन. वर दोन कोऱ्या पिशव्या जास्तीच्या ठेवाव्यात, त्यांचं कारण पुढे येतंच. मागचा फरा हाडासकट ५० किलोच्या आसपास भरतो, म्हणून पिशवीची शिवण दुहेरी असावी आणि फरा पूर्ण आत जाऊन वर बांधायला वीतभर कापड उरावं. सुटं मांस भरताना मोह आवरावा. गच्च भरलेल्या पिशवीच्या मधोमध वारा पोचत नाही. निम्मीच भरावी.

टांगायची जागा सावलीची, वाऱ्याची आणि शक्यतो नदीच्या गार झोतातली निवडावी. दोन झाडांच्या मध्ये जाड आडवी बल्ली बांधावी. मागच्या पायाच्या घोट्यामागे कंडरा असते, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी. ती आणि हाड यांच्यामध्ये सुरीने भोक पाडून त्यातून दोर ओवावा. वजन पायावर यायला हवं, पिशवीवर नाही. मग पिशवीचं तोंड पायाभोवती आवळून, दुमडून, पुन्हा बांधावं. माशी शिरते ती बहुतेक वेळा इथूनच, गाठीखालच्या चुणीतून. पिशव्या एकमेकींना टेकू देऊ नयेत, कारण टेकलेली बाजू ओली राहते. टुंड्रात झाडंच नसतात. तिथे विलोच्या किंवा आल्डरच्या झुडपांच्या फांद्यांचा आडवा-उभा थर रचून त्यावर पिशव्या ठेवाव्यात आणि दर काही तासांनी उलटाव्यात.

पावसासाठी वर ताडपत्री लागतेच. लोक ती पिशव्यांना गुंडाळतात आणि तिथेच फसतात, कारण त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीसारखीच गत होते. ताडपत्री पिशव्यांच्या वर दोन-तीन फुटांवर, उतार देऊन ताणावी. चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उघडून मांसावरून बोट फिरवून पाहावं. सगळं जमलं असेल तर पृष्ठभाग कोरडा, गडद आणि किंचित कडक लागतो. दाबलं तर खालचं मांस मऊ आणि गार. ही साल हवीच. माशीला अंडी घालायला ओली जागा लागते, आणि जिवाणूंनाही ओल लागते. घरी गेल्यावर ही साल पातळ तासून काढली की आतलं मांस लालबुंद निघतं. पिशवी रक्ताने भिजली असेल तर याच वेळी बदलावी. जास्तीच्या दोन पिशव्या त्यासाठीच. भिजलेली धुऊन, वाळवून पुढच्याला घालायची.

दिवस उबदार निघाले तर लिंबूफुलाचं, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडचं, पाणी कामी येतं. लिटरभर पाण्यात साधारण ६० ग्रॅम विरघळवून निवलेल्या मांसावर हलका फवारा मारावा. आंबट पृष्ठभाग माशीला आणि जिवाणूंना मानवत नाही. फवारा हलकाच हवा. पाणी निथळायला लागलं तर मिळवलेला कोरडेपणा गेला. घड्यांत किंवा हाडाच्या खोबणीत पांढरट अंड्यांचा पुंजका दिसला तर तो लगेच खरवडून टाकावा. ऊब मिळाली तर एका दिवसात त्यातून अळ्या निघतात. हाडाजवळ आंबूस वास किंवा हिरवट झाक दिसली तर तेवढा भाग मोकळ्या हाताने कापून टाकावा आणि बाकीचं वेगळ्या पिशवीत ठेवावं.

राहिलं अस्वल. बल्ली तंबूपासून ९०-१०० मीटर लांब असावी, आतड्यांच्या ढिगापासूनही दूर, आणि अशा जागी की लांबूनच पिशव्या दिसतील. झाडीतून गुपचूप तिकडे जाऊ नये. बोलत, आवाज करत जावं. अस्वलाने ताबा घेतलेला दिसला तर मागे फिरावं. मांसासाठी त्याच्याशी झगडा करायचा नसतो.

नावेत किंवा विमानात चढवताना तेवढ्यापुरतं पाणी लागू नये म्हणून बाहेरून प्लॅस्टिक घालायला हरकत नाही, पण उतरल्याबरोबर ते काढावं. घरी आल्यावर पिशव्या आधी थंड पाण्यात भिजवाव्यात, कारण गरम पाण्याने रक्ताचे डाग पक्के होतात. नंतर गरम पाण्यात बिनवासाच्या साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवाव्यात. घडी घालण्यापूर्वी प्रत्येक पिशवी उजेडासमोर धरून पाहावी. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे लगेच दोन टाके घालावेत.