न्हाणी ट्रॅप

न्हाणी ट्रॅप : न्हाणीघरातील फरशीवरचे सांडपाणी नळात सोडणारी व स्वतःत सतत थोडे पाणी साठवून ठेवणारी प्रयुक्ती. या साठलेल्या पाण्याच्या थरास ‘जलबंध’ म्हणतात. सांडपाणी पुढे जाते, परंतु नळातील दुर्गंधीयुक्त वायू, झुरळे इ. जलबंधामुळे घरात येऊ शकत नाहीत. भारतातील इंग्रजी तांत्रिक परिभाषेतही ‘न्हाणी’ हा शब्द याच नावाने रूढ झाला आहे.

हा ट्रॅप बिडाचा किंवा पीव्हीसीचा असून त्याच्या तोंडावर जाळी बसवितात. जलबंधाची खोली सर्वसाधारणपणे ५० मिमी. ठेवतात. काही प्रकारांत जाळीखाली पालथी वाटी असते व तिची कड पाण्यात बुडालेली राहते. पाणी लवकर वाहून जावे म्हणून ही वाटी काढून टाकल्यास जलबंधच नाहीसा होतो. वक्र नळात पाणी अडवून वायू रोखण्याच्या कल्पनेचे एकस्व अलेक्झांडर कमिंग या घड्याळकारांनी १७७५ मध्ये शौचपात्रासाठी घेतले होते.

दोष व उपाय : दुर्गंधी येणे हे बहुधा जलबंध रिकामा झाल्याचे लक्षण असते. घर बरेच दिवस बंद राहिल्यास पाण्याचे बाष्पीभवन होते. अशा वेळी तांब्या-दोन तांबे पाणी ओतणे पुरेसे असते. अडकलेल्या केसांच्या गुंत्यातूनही वातीप्रमाणे पाणी हळूहळू झिरपून जाते. दुसरीकडे पाणी सोडताच ट्रॅपमध्ये गुडगुड आवाज होऊन पाणी ओढले जात असेल, तर हवा खेळती ठेवणारा नळ तुंबलेला असण्याचा संभव असतो.

पाणी तुंबल्यास जाळी व वाटी काढून, रबरी हातमोजे घालून केस व साबणाचा साका काढावा आणि वाटी पुन्हा जागेवर बसवावी. साका पुढे अडकला असल्यास दांड्याची रबरी वाटी तोंडावर दाबून वरखाली करावी. अम्लामुळे बीड व सिमेंटचे सांधे झिजतात. अम्ल व विरंजक चूर्ण एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, म्हणून ती कधीही एकत्र वापरू नयेत. घरातील सर्वच ट्रॅप एकाच वेळी तुंबल्यास अडथळा मुख्य नळात असतो. त्यासाठी कोणालाही गटाराच्या विहिरीत उतरवू नये; तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू प्राणघातक असतो.

जलबंधाचे आरोग्यविषयक महत्त्व २००३ मध्ये हाँगकाँग येथे दिसून आले. अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची ३०० हून अधिक व्यक्तींना लागण झाली. फरशीवरील कोरडे पडलेले ट्रॅप व न्हाणीघरातील हवा बाहेर टाकणारे पंखे यांमुळे नळातील दूषित तुषार घरांत ओढले गेले असावेत, असा निष्कर्ष तपासात निघाला. यास्तव क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीतही आठवड्यातून एकदा पाणी ओतणे इष्ट ठरते.