हातचा न घेता

गेल्या मे महिन्यात माझी भाची पुण्याहून जोयडा तालुक्यात आजोळी आली होती. परतीच्या दिवशी आम्ही घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्थानकावर बसलो होतो. गाडीला उशीर, फोनला रेंज नाही.

"मामा, गणित मला जमणारच नाही," ती एकदम म्हणाली. वार्षिक परीक्षेतले गुण तिच्या मनाला लागले होते.

मी म्हटले, "नऊ वेळा १ लिही आणि त्या संख्येला तिनेच गुण."

तिने फोनवर गुणाकार केला. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२०. ती थबकली. "एकाला एकाने गुणल्यावर एकक स्थानी शून्य कसा येईल?"

शंका अगदी रास्त होती. फोनच्या गणकयंत्राला इतके अंक पेलत नाहीत, म्हणून शेवटचा अंक तो अंदाजाने भरतो.

मग वही निघाली. १११११११११ च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. उभ्या घरांची बेरीज १, २, ३ करत ९ पर्यंत चढते आणि तशीच उतरते. हातचा कुठेच नाही. उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१.

उलट वाचली तरी संख्या तीच. अंकांची बेरीज ८१, कारण नऊ ओळींतले नऊ-नऊ एक जसेच्या तसे उरतात. संख्या १७ अंकी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या स्थानांप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' या घरात बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

"आणि दहा एक घेतले तर?" आता तिनेच विचारले. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतला ८ गायब! मधल्या घरात दहा एक जमले आणि हातचा आला, त्याने शेजारच्या घरातही हातचा आणला. दहाचा एक होताना प्रत्येक वेळी बेरजेतून नऊ जातात. म्हणून अंकांची बेरीज १०० न येता ८२ येते.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव दिले द. रा. कापरेकर यांनी. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. ही कल्पना त्यांना सुचली तीही एका रेल्वे स्थानकावर, तेव्हाच्या डेम्लोला, म्हणजे आजच्या डोंबिवलीला! पदव्युत्तर पदवी नसलेल्या या मास्तरांना आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी फारसे मनावर घेतले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली.

आठवड्याने भाचीचा फोन आला. "मामा, अकरा एकांचाही वर्ग केला. फोनशी जुळत नाही. फोनच चुकलाय!"

मुलांनो, त्या गुणाकारात हातचा चार वेळा येतो. मग अंकांची बेरीज किती? फोन बाजूला ठेवून सांगा.