डबा किती दिवस पुरतो?

"मॅडम, एक चार्ट देऊन टाका बरं, खाली रिक्षा उभी आहे."

जळगाव असो की धुळं, आहारतज्ज्ञाच्या केबिनमध्ये निम्मे पेशंट हेच वाक्य घेऊन शिरतात. शुगरच्या नाहीतर हार्टच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी 'डाएट' एवढंच खरडून पाठवलेलं असतं. मेडिकलमध्ये गोळ्या मिळतात तसा इथं कागद मिळतो, अशी समजूत.

आहारतज्ज्ञ बाईला कागदाआधी कालचा दिवस हवा असतो. काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं? "काही नाही, साधंच. भाजी-भाकरी." मग खोदत जावं लागतं. चार वेळा चहा, दोनदा खारी, दुपारी मूठभर शेव, संध्याकाळी साखरपुड्यात वरण-बट्टी. माणूस खोटं बोलत नसतो, जेवण म्हणून बसून खाल्लं नाही ते त्याच्या हिशेबात धरलेलंच नसतं. म्हणून मुरलेली आहारतज्ज्ञ 'तेल किती खाता' असं विचारण्याच्या फंदात पडत नाही. ती सोबत आलेल्या बाईंकडे वळते: "पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो हो?" बाई सांगतात, दीड महिना. घरात माणसं पाच. म्हणजे माणशी रोज जवळजवळ 67 ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला तीसेक ग्रॅम पुष्कळ झालं, त्या हिशेबानं हाच डबा शंभर दिवस जायला हवा. शिवाय हॉटेलातली शेवभाजी वेगळी. त्या भाजीवरची तर्री काढून ठेवा म्हटलं की समोरचे अप्पा अहिराणीवर येतात, "मंग खाऊ काय?"

या प्रश्नाचं उत्तर छापील चार्टमध्ये नसतं. तिथं ओट्स असतात, ब्राऊन ब्रेड असतो, ब्रोकोली असते. चोपड्याच्या शेतकऱ्यानं ब्रोकोली कुठून आणायची? त्याच्या घरात कळण्याची भाकरी आहेच. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी असतं, उडदात ते भरपूर. दोन्ही एकत्र दळून भाकरी थापली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. नुसत्या ज्वारीवर माणसाचं भागत नाही, हे विज्ञानानंही पाहिलेलं आहे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास ज्वारीवरच पोट असलेल्या गरिबांमधल्या पेलाग्रा या आजाराचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसीनशी जोडला होता. आपल्या आज्यांना ही नावं ठाऊक नव्हती, पण उडीद कधी टाकायचा ते ठाऊक होतं. आता तीच भाकरी गरिबीची खूण वाटते, आणि पेशंटला ती परत खायला लावणं हे आहारतज्ज्ञाच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. पाचशे रुपये फी भरून कळण्याची भाकरी ऐकायला कोण येतं? ज्वारीच्या पदराखाली सगळंच झाकता येतं असंही नाही म्हणा. भाकरी चांगली, पण चार भाकरी म्हणजे चार भाकरीच.

केळ्याचं दुखणं निराळं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलच्या घरात केळं हे फळ नसून घरचा माणूस आहे. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम वाढलं म्हणून केळं बंद सांगायचं, तेही केळीच्या बागायतदाराला. आणि ब्लडप्रेशरवाले शपथेवर सांगतात, "वरून मीठ घेत नाही." उन्हाळ्यात गच्चीवर वाळलेल्या पापडातला पापडखार म्हणजेही सोडियमच, हे त्यांच्या गावीही नसतं.

त्यात साऱ्या महाराष्ट्रानं या धंद्याची परीक्षा घेतली ती 'दीक्षित की दिवेकर' या वादात. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला भिऊ नका. घराघरांत दोन पक्ष पडले, आणि केबिनमधल्या बाईला आधी आपला पक्ष सांगावा लागे. इन्सुलिन घेणाऱ्यानं कोणाचंही ऐकून परस्पर जेवण वगळलं तर साखर एकदम खाली येऊ शकते, हे सांगायला तिची पाळी शेवटी. तिच्याही मागे वजन उतरवणाऱ्या पावडरीचे डबे विकणारे. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं आहारतज्ज्ञांना नोंदणीकृत व्यावसायिकांत घेतलं खरं, पण पाटी लावणाऱ्यांचा सुळसुळाट अजून थांबलेला नाही.

मग या कामात मिळतं काय? ते पाहायचं तर सरकारी दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात जावं, जिथं चोपडा, यावल, शिरपूरकडच्या पाड्यांवरची पावरा-भिल्ल मुलं येतात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग. आईला वाटतं, आता पोराला पोटभर घालतील. पण पहिले काही दिवस मिळतं ते एफ-75 नावाचं पातळ दूध: शंभर मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी, दर दोन तासांनी, रात्रीही, वाटी-चमच्यानं मोजून. आई चिडते. उपाशी पोराला एवढंसंच? पण उपासमारीत हृदय, यकृत, आतडी सगळीच थकलेली असतात. एकदम खाऊ घातलं तर मूल हातचं जातं. हे तिला तिच्या बोलीत, न ओरडता पटवणं हे खरं शिक्षण, आणि ते कुठल्या पदवीत शिकवत नाहीत. नंतर एफ-100, मग खिचडी. कधीतरी सकाळी ते पोर वाटी हिसकावून घेतं, रडतं, चमचा फेकतं. वॉर्डात सगळ्यांना आनंद होतो, कारण भूक परत आलेली असते. त्या दिवसापासून तराजूचा काटा रोज हलतो.

कधी हेही हातचं निसटतं. घरी दुसरी दोन लेकरं, वेचणीला आलेला कापूस, म्हणून आई चौदा दिवसांआधीच निघते. बुडीत मजुरी मिळते, पण घर काही त्यावर थांबत नाही. दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला गेली की पंधरा दिवसांनी तपासणीला यायचं मूल त्या वेळी कुठल्यातरी साखर कारखान्याच्या तळावर असतं. आणि त्याची नोंद ठेवणारी आहारतज्ज्ञ बहुतेकदा कंत्राटावर.

तेव्हा, शहरातल्या वाचकांनो, एवढं करा. पुढचा तेलाचा डबा फोडाल तेव्हा झाकणावर तारीख लिहून ठेवा, आणि चार्ट मागण्याआधी ती सांगा.